नाममुद्रेच्या कडव्यापर्यंत



अध्यक्षानं साहित्याच्या सगळ्या प्रांतांचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. मी मात्र एकाच गोष्टीवर बोलणार आहे: आपल्याला तोंडपाठ असलेली, पण आपण शेवटपर्यंत न ऐकलेली गाणी.

तुळजापूर सोलापूरहून जेमतेम 45 किलोमीटर. तिथल्या भवानीला रोडग्याचा नवस बोलणारी एकनाथांची सून आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात, गणपतीच्या मंडपात हे भारूड हमखास होतं. डोक्यावर पदर घेतलेली सून सासऱ्यापासून सुरुवात करते, मग सासू, जाऊ, नणंदेचं किरकिरं पोर. एकेकाचा बंदोबस्त देवीवर सोपवत जाते. नवऱ्याची पाळी आली की हशा टिपेला पोहोचतो आणि बहुतेक वेळा तिथंच पडदा पडतो. त्यापुढे नाथांच्या नाममुद्रेचं एक कडवं आहे. तिथं ती स्वतःसाठी फक्त एकटेपण मागते. त्या एका मागण्यानं आधीचा सगळा नवस उलगडतो. सासर म्हणजे संसाराची ओढ, आणि तिथली माणसं म्हणजे अहंकार, वासना, ममता. कुठलं नातं म्हणजे कुठला विकार, याबद्दल कीर्तनकार थोडं वेगवेगळं सांगतात. रोख मात्र एकच.

रूपक आहे म्हणून सुनेचा जाच खोटा ठरत नाही, हेही मला आग्रहानं सांगायचं आहे. सव्वाचारशे वर्षांपूर्वी नाथांसमोर बसलेल्या बायकांना तो जाच घरचाच होता, म्हणून तर ते रूपक त्यांना भिडलं. नाथांना हशा हवाच होता. माणसं हसली की ऐकतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण हशा संपल्यावर ते पुढे काय सांगत होते, तिकडे आपलं लक्ष राहिलं नाही.

विंचवाच्या भारुडात तर त्यांनी काहीच झाकून ठेवलेलं नाही. डंख काम-क्रोधाचा आहे हे आरंभीच सांगून टाकलं आहे, आणि उतारा सत्त्वगुणाच्या अंगाऱ्याचा आहे. शाहीर साबळ्यांच्या आवाजानं ते घराघरांत गेलं. तरी आपल्याला आठवतो तो ठणका आणि ती आरोळी. अंगारा कसला, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

गाणं आपल्या जागेवरून हललं की असं होतं. कीर्तनात सोंगामागून निरूपण यायचं. जुन्या 78 च्या तबकडीत एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. निरूपणाला तिथं जागाच नव्हती. आता मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा तुकडा फिरतो.

आपल्या सोलापूरच्या राम जोश्यांचंही हेच झालं. लावणी म्हणजे शृंगार, एवढंच समीकरण लोकांच्या मनात घट्ट बसलं आहे. हा माणूस संस्कृतात मुरलेला. शृंगार त्यांनी भरभरून लिहिला, त्याच हातानं वैराग्य आणि उपदेशही लिहिला; मोरोपंतांच्या आर्या कीर्तनात गाजवल्या. 1947 साली ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट आला. त्यात त्यांच्या मूळ रचनेशेजारी गदिमांची नवी गाणी आहेत. गदिमांचा हात असा बेमालूम की ऐकणाऱ्याला सांधा दिसत नाही.

‘कानडा राजा पंढरीचा’ हे तर अनेकांना जुन्या संताचं पद वाटतं. ते गदिमांनी 1970 च्या ‘झाला महार पंढरीनाथ’साठी लिहिलं. तो चित्रपट आपल्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचा: दुष्काळात सरकारी कोठार लोकांसाठी खुलं करणाऱ्या अधिकाऱ्याचा. कवीचं नाव पुसलं जाणं हा गाण्याचा गौरव आहे, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ते विसाव्या शतकातल्या एका माणसानं, संतवाणी पचवून, पडद्यासाठी लिहिलं. हे कळलं तर परंपरा अजून वाहती आहे, हेही कळतं.

म्हणून इथं जमलेल्या गायकांना आणि निवेदकांना माझी विनंती आहे: गाण्याआधी कवीचं नाव घ्या, ते कुठे आणि कशासाठी लिहिलं गेलं ते दोन वाक्यांत सांगा. आणि शिक्षकांनो, यंदा स्नेहसंमेलनात भारूड बसवाल तेव्हा वेळ कमी पडतो म्हणून शेवटचं कडवं कापू नका. सुनेचं सोंग घेणाऱ्या मुलीला त्याचा अर्थ तालमीच्या पहिल्याच दिवशी सांगा.