‘बंदच तं आहे!’



यंत्रमानवाच्या विषयावर बोलण्यासाठी कलाशाखेच्या एका पत्रकाराला का उभे केले, हा प्रश्न आपल्याप्रमाणे मलाही पडला होता. पण विषय त्याच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाचा आहे, म्हणून धीर केला.

यंत्राशेजारचे काम वऱ्हाडाला नवे नाही. अकोला-अमरावतीच्या जिनिंगमध्ये ओळीने बसलेल्या बायका यंत्राला हाताने कापूस भरवीत. भरवता भरवता त्यातला केस, सुतळी, चिंधी नजरेस पडे आणि बोटे ती अलगद बाजूला काढीत. २००० साली केंद्राचे कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झाले. जिनिंगचे आधुनिकीकरण होऊन कापूस आपोआप भरवणारी साधने बसली. रुळाजवळचा हात दूर झाला, हे उत्तमच. मात्र कचरा वेचण्यासाठी माणसे वेगळी बसवावी लागली. त्या हातांमागे एक नजरही होती, ती कोणी हिशेबात धरलीच नव्हती.

दुसरे आपल्या परिचयाचे यंत्र मळणीचे. त्यात हात जाण्याच्या घटना देशभर इतक्या घडल्या की, १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. तरीही मळणीयंत्राचा एक गुण मान्य केला पाहिजे. ते चालू असते तेव्हा गावभर ऐकू येते.

यंत्रमानवाचे तसे नाही. तो निश्चल उभा असतो, तेव्हा बंद असतोच असे नाही. पुढचा भाग जागेवर आल्याची खूण मिळण्याची तो वाट पाहत असतो. तिरका बसलेला पत्रा कोणी हाताने सरळ केला की खूण मिळते आणि तो पोलादी हात पूर्ण वेगाने फिरतो. अशा वेळी आत शिरणारा आपला माणूस काय म्हणतो? ‘बंदच तं आहे!’

२५ जानेवारी १९७९ रोजी अमेरिकेत मिशिगन राज्यातील फोर्डच्या ओतकाम कारखान्यात सुटे भाग आणायला चढलेल्या कामगाराला यंत्राच्या हाताचा तडाखा बसला आणि तो जागीच गेला. १९८१ साली जपानमध्ये एक कामगार असाच दगावला. ऑगस्ट २०१५ मध्ये हरियाणातील मानेसरला चोवीस वर्षांचा तरुण गेला, तो सरकलेला पत्रा नीट करायला गेला होता.

अशा मृत्यूंवर ‘निष्काळजीपणा’ असा शिक्का मारला जातो. मला तो मान्य नाही. जाळीचे दार उघडले की यंत्र थांबते, यंत्र थांबले की पाळीचे उत्पादन घटते आणि जाब त्या पोराला विचारला जातो. कंत्राटी असेल तर अधिकच. मग तो दार न उघडता हात घालतो. ही बेफिकिरी नव्हे, नोकरीची काळजी आहे.

आता जाळीशिवाय, माणसाच्या बरोबरीने काम करणारे हलके यंत्रहात आले आहेत. चाकणला बजाज ऑटोने २०१० पासूनच डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्सचे असे हात वापरात आणले. धक्का लागताच ते थांबतात. शरीराच्या कोणत्या भागाला किती दाब सोसवेल, याच्या मर्यादा २०१६ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ठरवून दिल्या. परंतु हात मऊ असला आणि त्याने धरलेला पत्रा धारदार असला, तर काय? शिवाय रोज थांबणाऱ्या यंत्रावर माणूस विसंबतो, लक्ष उडते. लिझान बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९८३ सालीच दाखवले होते की, सोपे काम यंत्राकडे गेले की माणसाच्या वाट्याला उरते ते अवघड काम, आणि तेही सराव सुटल्यावर.

आयटीआय करून आपल्याकडची मुले चाकणची वाट धरतात. पोराचा फोन आला की आपण पगार विचारतो, जेवणाचे विचारतो. त्याच फोनवर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. लाल बटण दाबणाऱ्याला तिथे शाबासकी मिळते की बोलणी? आणि दुरुस्तीसाठी आत शिरताना मुख्य कळीला कुलूप लावतात का, लावत असतील तर त्याची किल्ली कोणाच्या खिशात असते?