ऊन पाहून पाय पसरावे

(एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्याख्यानमालेत लेखकाने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन.)



मी कला शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार. त्यामुळे 'सौर ऊर्जेवरील छोटे घर' या विषयावर बोलण्याचा मला अधिकार कोणता, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. माझा अधिकार एवढाच, की या विषयात मी एक मोठी चूक केली आणि तिची किंमत माझ्या वडिलांना मोजावी लागली. त्या चुकीचा हिशेब आज आपल्यापुढे मांडणार आहे.

आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, गणिताचे सेवानिवृत्त शिक्षक. वय ८२. दापोली तालुक्यात आमची आंब्याची लहानशी बाग आहे आणि बागेत राखणीसाठी बांधलेली १२ बाय १५ फुटांची एक खोली. आई गेल्यानंतर अण्णांनी शहरात येण्यास ठाम नकार दिला आणि त्या खोलीत मुक्काम हलवला. विजेची तार वाडीपर्यंतच आलेली. तेथून बागेपर्यंत खांब उभारण्याचा खर्च खोलीच्या किमतीहून अधिक.

छोट्या घरांची चळवळ आज अमेरिकेत बरीच बोलबाला पावली आहे. चाकांवर बसवलेली, तारेशी नाते तोडलेली इवलीशी घरे लोक हौसेने बांधतात. या विचाराचा पूर्वज मानला जाणारा हेन्री डेव्हिड थोरो १८४५ साली वॉल्डन तळ्याकाठी ज्या झोपडीत राहायला गेला, तीही १० बाय १५ फुटांची होती. अण्णांनी मात्र छोटे घर कोणतेही तत्त्वज्ञान वाचून निवडले नव्हते. त्यांना आपली झाडे सोडवत नव्हती, एवढेच.

कागदावरचा हिशेब

२०२२च्या दिवाळीनंतर मी एक फिरता सौर संच विकत घेतला. घडी घालता येणारे १०० वॅटचे पॅनेल आणि हातात धरून नेता येईल अशी एक पेटी. पेटीत लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी, ती योग्य रीतीने भारित करणारा नियंत्रक आणि घरगुती वीज देणारा इन्व्हर्टर, असे सारे एकत्र. क्षमता ५०० वॅट-तास, म्हणजे अर्धे युनिट. ५०० वॅट-तास म्हणजे किती? शहरातील आपला २००० वॅटचा गिझर एवढी वीज पंधरा मिनिटांत पितो.

अण्णांची गरज अल्प होती. ९ वॅटचे तीन दिवे पाच तास म्हणजे १३५ वॅट-तास. मोबाइल आणि रेडिओ मिळून ३०. अण्णांना दम्याचा विकार असल्याने वाफाऱ्याचे यंत्र, म्हणजे नेब्युलायझर, सुमारे १२० वॅटचे. दिवसातून दोनदा पाव-पाव तास, म्हणजे ६०. एकूण २२५. मी म्हटले, १०० वॅटचे पॅनेल आणि पाच तासांचे ऊन. रोज ५०० मिळतील. गरजेच्या दुपटीहून अधिक!

हिवाळ्यात सारे सुरळीत चालले. उन्हाळ्यात ३० वॅटचा कमी वीज खाणारा पंखा आला आणि रात्रभराचे ३०० वॅट-तास वाढले. तेव्हा प्रथम ध्यानात आले, की पॅनेलवर छापलेला आकडा हा प्रयोगशाळेतील आकडा असतो. पेशींचे तापमान २५ अंशांवर असतानाचा तो आकडा. त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के वीज घटते आणि वैशाखात पॅनेलला हात लावला तर चटका बसतो. त्यात धूळ, कलमांची सावली, चुकलेला कोन. शंभराचे प्रत्यक्षात सत्तर-पंचाहत्तरच हाती येत. अण्णा पंखा मध्यरात्री बंद करू लागले आणि मी निश्चिंत राहिलो.

आषाढातील तिसरी रात्र

२०२३च्या जुलैच्या प्रारंभी मी बागेत होतो. सलग तीन दिवस सूर्यदर्शन नाही. दाट ढगांत पॅनेलची वीज सातव्या-आठव्या हिश्शावर येते. माझ्या पॅनेलमधून दिवसाला जेमतेम ७५ वॅट-तास मिळत होते. गरज २२५, म्हणजे रोजची तूट १५०. पेटीतून इन्व्हर्टरचा वाटा वजा जाता वापरता येत होते सव्वाचारशेच्या आसपास. भागाकार आपणच करा. पेटी तिसऱ्या रात्री संपणार हे त्रैराशिक शिकलेला कोणताही विद्यार्थी सांगू शकला असता. मी मांडलेच नव्हते.

रात्री दोनच्या सुमारास अण्णांना धाप लागली. यंत्र सुरू केले, ते दोन मिनिटे घरघरले आणि बंद पडले. दिवाही गेला. कोसळत्या पावसात त्यांना मोटारीत बसवून तालुक्याच्या गावी नेताना त्यांच्या श्वासाचा जो आवाज मी ऐकला, तो आजही कानांत आहे. सुदैवाने वेळेवर उपचार मिळाले. सकाळी रुग्णालयाच्या खाटेवरून ते मास्तर म्हणाले, "सूर्याचे काही चुकले नाही हो, तुमचा गुणाकार चुकला."

पुढे मी वाचन केले. दुर्गम घरांसाठी 'सौभाग्य' योजनेत २०१७ साली शासनाने जो सौर संच ठरवला, तो २०० ते ३०० वॅटचा होता. पाच दिवे, एक पंखा, एक प्लग आणि पाच वर्षांची देखभाल. एका गरीब कुटुंबासाठी शासनाने जे माप योग्य मानले होते, त्याचा निम्मा किंवा तिसरा हिस्सा मी माझ्या वडिलांना देऊन मोकळा झालो होतो.

आधी औषध, मग दिवा

त्यानंतर आम्ही काय बदलले, ते सांगतो. छपराच्या दक्षिण उतारावर १५० वॅटची दोन पक्की पॅनेल बसवली. आपल्या कोकणाचे अक्षांश सतरा-अठरा अंश. पॅनेलचा कलही साधारण तेवढाच ठेवला. जुने घडीचे पॅनेल जोडीला आहेच. आता भर पावसातही दिवसाला ३०० वॅट-तासांच्या आसपास जमा होतात. १००० वॅट-तासांची दुसरी पेटी घेतली. दिवे इन्व्हर्टरविना थेट बॅटरीवर घेतले, त्यामुळे गळती कमी झाली. डॉक्टरांच्या सल्ल्याने वाफाऱ्याचे लहान, हातात धरायचे यंत्र आणले; ते मोबाइलसारखे भारित होते आणि अत्यल्प वीज घेते. आणि भिंतीवर अण्णांच्या वळणदार अक्षरात एक नियम लिहिला गेला : पेटीतील शेवटचा तिसरा हिस्सा औषधासाठी. तो काटा आला, की रेडिओ बंद, दिवा एकच.

मित्रहो, ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा तारा असलेली दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडची कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तेव्हा अशी एखादी पेटी घरात असणे शहाणपणाचेच आहे. परंतु ती घेण्यापूर्वी वही काढा. प्रत्येक उपकरणाचे वॅट आणि तास लिहा. बेरजेत गळतीसाठी चौथा हिस्सा मिळवा. आणि मिळकत मोजताना वैशाखाचे ऊन धरू नका, आषाढाचे धरा.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपल्या घराघरांत सांगितले गेले. सूर्याचे अंथरूण मोठे आहे, पण ते ऋतूप्रमाणे आखडते. अण्णा आजही बागेतच राहतात. रोज सायंकाळी पेटीवरचा आकडा वहीत टिपतात आणि मला दूरध्वनीवरून कळवतात. त्या आकड्यावरून मला वडिलांची खुशाली समजते.