जिथे काहीच झोंबत नाही

'झोंबणे' हे मराठीतले मोठे कामाचे क्रियापद आहे. मिरची जिभेला झोंबते, पहाटेचा वारा कानाला झोंबतो, मीठ जखमेला झोंबते. माणसाचा शब्दही झोंबतो, पण तो आम्हा कवींचा विषय, आज तो बाजूला ठेवू. मिरची, वारा आणि मीठ या तीन निराळ्या गोष्टींना आपल्या भाषेने एकच क्रियापद लावले, त्यात थोडे शास्त्र दडलेले आहे.

आपल्या कातडीत मज्जातंतूंची बारीक टोके पसरलेली असतात. ज्या पेशींची ही टोके, त्या पेशी मात्र पाठीच्या कण्यालगत असतात. म्हणजे पायाच्या अंगठ्याला बसलेला चटका ओळखणाऱ्या एका पेशीचा धागा जवळजवळ मीटरभर लांब असतो. या टोकांवर प्रथिनांच्या सूक्ष्म झडपा असतात. त्यांतली एक झडप उष्णता ४३ अंश सेल्सिअसच्या आसपास गेली की उघडते, विद्युतभार असलेले कण आत शिरतात आणि संदेश कण्याकडे धावू लागतो.

अमेरिकेतील शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ही झडप १९९७ साली शोधली, ती मिरचीच्या मदतीने. मिरचीतला कॅप्सेसिन हा पदार्थ नेमकी हीच झडप उघडतो. तेव्हा तिखट ही खरी चव नव्हे, ती विस्तवावाचून लागलेली आग आहे. पिंजऱ्यातला पोपट हिरवी मिरची मजेत खातो, कारण पक्ष्यांच्या झडपेवर कॅप्सेसिनचा परिणाम होत नाही. पुढे २००२ साली गारव्याची झडप सापडली. पुदिन्याच्या जातीतल्या वनस्पतींतले मेंथॉल ती उघडते, म्हणून पेपरमिंटची गोळी गार लागते. ही झडप ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन या दोघांनी स्वतंत्रपणे शोधली. उष्णता आणि स्पर्श ओळखण्याच्या या संशोधनासाठी दोघांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. उष्णतेची आणि गारव्याची या दोन्ही झडपा एकाच कुळातल्या आहेत.

वेदनेच्या वाटाही दोन. एका प्रकारच्या तंतूंवर पातळ वेष्टण असते, त्यांतून संदेश सेकंदाला पाच ते तीस मीटर वेगाने जातो. दुसरे तंतू उघडे, त्यांचा वेग सेकंदाला सुमारे एक मीटर. म्हणून ठेच लागली की आधी सणक जाते आणि मागाहून ठणका येतो. तव्याला हात लागला, तर तो मागे घेण्याचा हुकूम कण्यातूनच सुटतो, मेंदूला बातमी नंतर कळते.

मिठागरांसाठी आमचे भाईंदर ओळखले जाई. अनवाणी पायाने मिठात काम करणाऱ्याला पायाला चीर पडल्याचे खारे पाणीच सांगते. ते झोंबते, म्हणून पाय उचलला जातो, जखम धुतली जाते. हे झोंबणे म्हणजे शरीराचा पहारा.

कुष्ठरोगात हा पहाराच उठतो. त्याचे जंतू मज्जातंतूंभोवतीच्या पेशींत घर करतात. त्यांना शरीराचे गार भाग, म्हणजे हात, पाय, कान, नाक, अधिक मानवतात. पुष्कळदा आधी गरम-गार कळेनासे होते, मग वेदना जाते. अशा माणसाच्या हातातली किटली तापलेली असते आणि त्याला ते ठाऊकच नसते. बोटे रोगाने झडतात, असे लोक शतकानुशतके मानत आले. वेल्लोरच्या रुग्णालयात काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की बोटे जातात ती मुख्यतः न जाणवलेल्या भाजण्याने, कापण्याने आणि त्यानंतर चिघळलेल्या जखमांनी.

महाराष्ट्राने हा रोग जवळून पाहिला आहे. वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ रुग्णालय १८९० चे, बाबा आमटे यांचे आनंदवन १९४९ चे. १९८२ पासून बहुविध औषधोपचार आला. सरकारी दवाखान्यात तो मोफत मिळतो आणि रोग बरा होतो. अडचण वेगळीच आहे. अंगावरचा फिकट किंवा लालसर चट्टा दुखत नाही, बहुधा खाजतही नाही. मग घरातले म्हणतात, 'दुखत नाही ना? मग डॉक्टर कशाला?' खरे तर जो चट्टा दुखत नाही, ज्याला कापसाचा स्पर्शही कळत नाही, तोच आधी दाखवायला हवा. औषध जंतू मारते, पण फार उशीर झाला तर गेलेली संवेदना सहसा परत येत नाही.

जुन्या मधुमेहातही तळपाय असेच बधिर होतात. चपलेतला खडा दिवसभर रुततो आणि कळत नाही. आम्ही वजू करताना पायाच्या बोटांमधून करंगळी फिरवतो, कोणी देवळात जाण्यापूर्वी पाय धुतो. त्या वेळी तळव्यांवर डोळ्यांनीही एक नजर टाकावी. वाकता येत नसेल, तर नातवाला म्हणावे, 'बाळा, जरा माझे पाय बघ.' आणि न दुखणारी जखम दिसली, तर दुखण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा.