ढग, धूर आणि दुष्काळ

(घोडेगाव, ता. नेवासे येथील कार्यकर्ता अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



नेवासे तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. येथे आभाळ भरून येते आणि न बरसता निघून जाते, हे घोडेगावच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. ढग आणि पाऊस यांच्यामध्ये काय घडते, हा प्रश्न मात्र केवळ शास्त्रज्ञांचा नाही. तो सार्वजनिक खर्चाचा आणि न्यायाचाही आहे.

नुसत्या वाफेचा ढग होत नाही. धूळ, समुद्रातील मीठ, धूर यांच्या सूक्ष्म कणांवर वाफ साकळते तेव्हा मेघबिंदू बनतात. असे सुमारे दहा लाख मेघबिंदू एकत्र आले म्हणजे पावसाचा एक थेंब होतो. धुराचे कण फार झाले, तर तेच पाणी असंख्य बारीक बिंदूंत विभागले जाते. ते एकमेकांत सहजी मिसळत नाहीत आणि उथळ ढग कोरडाच विरू शकतो. असे ढग अधिक शुभ्र असल्याने सूर्यप्रकाश परतवतात आणि तापमानवाढ काही अंशी झाकतात. परंतु हे कण काही दिवसांतच खाली येतात. कर्बवायूचा मोठा भाग मात्र शतकानुशतके वातावरणात राहतो. तेव्हा धूर हे संरक्षण नव्हे.

कृत्रिम पावसात याच नियमाचा उपयोग होतो. क्षारांचे मोठे कण ढगात सोडले की मोठे बिंदू तयार होतात आणि ते लहानांना सामावून घेतात. महाराष्ट्र शासनाने २००३ व २०१५ साली असे प्रयोग केले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ व २०१९ साली सोलापूर परिसरात शास्त्रीय तपासणी केली. बीजारोपणाच्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेने सुमारे शंभर चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के अधिक पाऊस आढळला. निष्कर्ष मोलाचा आहे. पण त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. ढग नसेल तर विमान ढग निर्माण करू शकत नाही, आणि प्रत्येक ढग दाद देत नाही.

म्हणून दुष्काळ पडल्यावर विमान उडवणे हे धोरण नव्हे, देखावा होय. एका हाताने धूर वाढू द्यायचा आणि दुसऱ्या हाताने जनतेच्या पैशाने ढगांची मनधरणी करायची, ही विसंगती आहे. १९७२च्या दुष्काळाच्या अनुभवातून कष्टकऱ्यांनी रोजगार हमीचा हक्क मिळवला, तो आभाळाकडून नव्हे, राज्यसंस्थेकडून. आजही मागणी तशीच नेमकी हवी: धुरावर नियंत्रण, प्रत्येक प्रयोगाचा जाहीर हिशेब आणि पडलेल्या पाण्याचे समन्यायी वाटप. पाऊस किती पडावा हे माणसाच्या हाती थोडेच आहे. पडलेला कोणाच्या शेतात जावा, हे मात्र पूर्णपणे माणसाच्याच हाती आहे.