लिंडा ग्रीनलॉ : खोल समुद्रावरची तांडेल

लिंडा ग्रीनलॉ या अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या नामांकित तांडेल. त्यांचा जन्म १९६० सालचा. कॉलेजात शिकत असताना, एकोणिसाव्या वर्षी, त्या तलवार मासा पकडणाऱ्या बोटीवर स्वयंपाक करायला आणि खलाशाचे काम करायला गेल्या. १९८३ साली पदवी मिळाली, पण जमिनीवरची नोकरी त्यांनी धरली नाही. १९८६ साली त्या स्वतः बोटीच्या तांडेल झाल्या.

या मासेमारीत तांडेलाचा कस लागतो तो पाणी निवडताना. तलवार मासा दिवसा खोल असतो आणि रात्री खाण्यासाठी वर येतो. म्हणून संध्याकाळी दोर सोडायचा आणि पहाटे ओढायला घ्यायचा. दोर पन्नास-साठ किलोमीटर लांब. त्याला हजाराच्या आसपास गळ, गळाला म्हाकूल किंवा बांगड्याच्या जातीचा मासा, जवळ प्रकाशकांड्या आणि वर बोये. हा दोर न्यूफाउंडलंडच्या पूर्वेला, ग्रँड बँक्सच्या परिसरात सोडतात. गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह आणि लॅब्राडोरचा थंड प्रवाह तिथे भिडतात आणि त्यांच्या सीमेवर मासा जमतो. पाण्याचे तापमान, प्रवाहाची दिशा, शेजारच्या बोटींनी अडवलेली जागा, हे सगळे पाहून दोर कुठे सोडायचा ते तांडेल ठरवतो. सफर महिनाभराची. खलाशांना ठरावीक पगार नाही. डिझेल, बर्फ, आमिष आणि किराणा यांचा खर्च वजा जाता जे उरेल त्यात वाटा. तांडेलाचा अंदाज चुकला तर सगळ्यांची घरे रिकामी राहतात. पुरुषांच्या या धंद्यात ग्रीनलॉ यांना मान मिळाला तो मासळीने भरलेल्या बोटी बंदरात आणल्यामुळे.

पुढे ग्लॉस्टर बंदरातून निघणारी ‘हॅना बोडेन’ ही बोट त्यांच्याकडे आली. १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये अटलांटिकवर भीषण वादळ उठले. ‘हॅना बोडेन’च्याच मालकाची ‘अँड्रिया गेल’ ही बोट त्यात सहा जणांसह नाहीशी झाली. तिचे तांडेल बिली टाइन यांच्याशी ग्रीनलॉ वादळाआधी वायरलेसवर बोलल्या होत्या. सेबॅस्टियन युंगर यांनी १९९७ साली या दुर्घटनेवर ‘द परफेक्ट स्टॉर्म’ हे पुस्तक लिहिले आणि ग्रीनलॉ यांचे नाव घरोघरी पोहोचले. त्यांचे खरे कर्तृत्व मात्र वादळाइतकेच शांत हंगामांतही होते. ‘द हंग्री ओशन’ या १९९९ च्या पुस्तकात त्यांनी एकाच सफरीची हकीकत सांगितली आहे. खलाशांची भांडणे, झोपेचा अभाव आणि बाजारभावाची काळजी त्यात आहे. या धंद्याबद्दल इतके नेमके लिखाण क्वचितच सापडते.

तलवार माशाची मासेमारी सोडल्यावर त्या मेन राज्यातल्या आयल-ओ-हो बेटावर राहून शेवंड पकडू लागल्या. इथे पिंजरे लावायचे आणि ओढायचे. मेनचे नियम कडक आहेत. किमान मापापेक्षा लहान शेवंड सोडायची, कमाल मापापेक्षा मोठीही सोडायची. अंडी असलेली मादी सापडली तर तिच्या शेपटीच्या पात्याला खाच पाडून पाण्यात सोडतात. पुढे तिच्या अंगावर अंडी नसली तरी, खाच दिसताच तिला कुणी ठेवत नाही. मच्छीमारांनीच जपलेली ही रीत मोलाची आहे.

२००८ साली ग्रीनलॉ ‘सीहॉक’ बोट घेऊन पुन्हा तलवार माशाच्या मागे गेल्या. त्या हंगामात त्यांचा दोर प्रवाहाबरोबर कॅनडाच्या हद्दीत गेला आणि त्यांना अटक झाली. ही कैफियत त्यांच्या २०१० च्या ‘सीवर्दी’ या पुस्तकात आहे.