मोबाईलवर भाव ताडून पाहताना



फवारणीचं औषध घ्यायचं झालं, की पूर्वी आपण बाजाराच्या दिवशी तालुक्याला जायचो. दोन-तीन कृषी सेवा केंद्रांत भाव विचारायचो आणि मग माल घ्यायचो. आता हे विचारण्याचं काम मोबाईलसुद्धा करतो. वस्तूचं नाव टाकलं की निरनिराळ्या दुकानांचे भाव एकाखाली एक दिसतात. पंप, ताडपत्री, ठिबकच्या नळ्या, विद्राव्य खतं, सगळंच. परवाना असलेल्या विक्रेत्याला कीटकनाशकं ऑनलाइन विकण्याची मुभाही केंद्र सरकारने २०२२ साली दिली. सोय चांगली आहे, ती जरूर वापरा. मात्र ती कशी वापरावी, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी हे काम चालतं कसं ते पाहू. संगणकावरची प्रणाली दुकानांच्या पानांवरचे भाव ठरावीक वेळाने उचलते आणि तक्त्यात मांडते. त्यामुळे तक्त्यातला भाव कधी कधी शिळा असतो. दुसरी गोष्ट, अशा बऱ्याच सेवा आपल्याकडून पैसे घेत नाहीत, पण विक्री झाली की दुकानदाराकडून दलाली घेतात. म्हणून सगळ्यांत वर दिसणारा माल सगळ्यांत किफायतशीर असेलच असे नाही. तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. ही प्रणाली नाव वाचते, मालाची पारख करीत नाही. ती आपल्यालाच करावी लागते.

उदाहरण घेऊ. कडुनिंबाचं औषध, म्हणजे अझाडिरॅक्टीन, ३०० पीपीएमचं मिळतं आणि १५०० पीपीएमचंही मिळतं. समजा, पहिल्याची एक लिटरची बाटली २५० रुपयांना आणि दुसऱ्याची ४५० रुपयांना आहे. तक्त्यात पहिली २०० रुपयांनी स्वस्त दिसेल. पण तिच्यात अझाडिरॅक्टीन पाचव्या हिश्श्याइतकंच आहे. तेवढाच घटक मिळवायचा तर पाच बाटल्या लागतील, म्हणजे १२५० रुपये! आता सांगा, स्वस्त कोणती? म्हणून किंमत पाहण्याआधी लेबलावरचा घटक, त्याचं प्रमाण आणि वजन वाचा. तिन्ही सारखी असतील तरच भावाची तुलना करा.

माझीच एक फजिती सांगतो. घरच्या शेतासाठी मी १६ लिटरचा बॅटरी पंप असाच मोबाईलवर पाहून मागवला. गावच्या दुकानापेक्षा ५०० रुपये कमी पडले, म्हणून खूश होतो. बॅटरी १२ व्होल्टची होती, पण ८ अँपिअरची. दुकानातल्या पंपाची १२ अँपिअरची होती. तेवढं मी पाहिलंच नाही. ऐन बोंडअळीच्या वेळी बॅटरी बसली. जवळपास दुरुस्तीची सोय नव्हती, आणि पंप परत पाठवण्याची मुदत उलटून गेली होती. वडील म्हणाले, "अरे, तू लोकांना शिकवतोस ना?" फवारणी चार दिवस लांबली. त्या चार दिवसांत बोंडांचं जे नुकसान झालं, त्यापुढे ५०० रुपये काहीच नव्हते.

तेव्हा मागणी नोंदवण्यापूर्वी वहीत चार ओळी लिहा. जीएसटी धरून किंमत किती? घरपोच आणण्याचा खर्च किती? माल कधी पोचणार? बिघडला तर दुरुस्ती कुठे होणार? चौघांची उत्तरं मांडून मग गावच्या दुकानाचा भाव शेजारी लिहा. पुष्कळदा फरक उरतच नाही. उरला, तर तो मोबाईल दुकानदाराला दाखवा. तोही दोन पैसे कमी करील.

सणासुदीला 'निम्म्या किमतीत' अशी जाहिरात येते. काही सेवांमध्ये मागच्या महिन्यांतले भावही पाहायला मिळतात. ते पाहा. आधी भाव चढवून मग उतरवला असेल, तर लगेच ध्यानात येईल.

युरियाची तुलना करत बसू नका. त्याचा भाव सरकार ठरवतं. ४५ किलोच्या गोणीला २६६ रुपये ५० पैसे. त्याहून जास्त कोणी मागितले, तर कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करा.

आणि शेवटचं, पण विसरू नका. बी-बियाणं असो की औषध, पक्कं बिल घ्या. विक्रेत्याचा परवाना क्रमांक, लॉट नंबर आणि वापरण्याची अंतिम तारीख पाहा. रिकामी पिशवी आणि टॅग पीक निघेपर्यंत जपून ठेवा. बियाणं उगवलं नाही, तर तुमच्या बाजूने हेच बोलणार आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे विक्रेता दूरच्या शहरातला असला, तरी तक्रार तुम्ही आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करू शकता. सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक आहे.

बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, मगच भाव बोलतो. मोबाईलवर खरेदी करतानाही तीच रीत ठेवा. आधी माल, मग भाव.