शेवटचा शब्द कुणाचा?



काल जेवताना कुणीतरी विचारलं, "ज्या सॉफ्टवेअरला मालकच नाही, तिथं ठरवतं कोण?" पायथनची गोष्ट सांगते. माझी रोजची भाकरी त्याच भाषेवर आहे.

पायथन रचली गिडो व्हान रॉसम यांनी. वाद कितीही रंगला तरी शेवटचा शब्द त्यांचा. गमतीनं त्यांना 'तहहयात परोपकारी हुकूमशहा' म्हणत. २०१८ मध्ये एका नव्या चिन्हावरून (आपला विसर्ग आणि पुढे बरोबरची खूण, एवढंच!) इतकं रण माजलं की प्रस्ताव मंजूर करून ते थकले आणि जुलैत पदावरून बाजूला झाले. वारस नेमला नाही. तुमचं तुम्ही ठरवा, म्हणाले.

आपल्याकडची मंडळं नेमकी इथंच फुटतात. इथं मुख्य प्रोग्रामर मंडळींनी कारभार कसा चालावा याचे सात लेखी प्रस्ताव मांडले. एकात पुन्हा एकच प्रमुख, एकात प्रमुखच नको. डिसेंबरात मतदान होऊन पाच जणांचं निवडून दिलेलं मंडळ ठरलं. त्यातही, एका कंपनीचे दोनपेक्षा जास्त सदस्य नकोत. मला हा नियम सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, कारण फुकटच्या सॉफ्टवेअरवर काम करणारे कितीतरी जण बड्या कंपन्यांचे पगारदार असतात. शिवाय मंडळानं आपले अधिकार होता होईल तो वापरू नयेत, आधी सहमती शोधावी, असं लिहूनच ठेवलंय.

२०१९ च्या पहिल्या मंडळात गिडोही निवडून आले, पाचांतले एक म्हणून. पुढच्या खेपेला ते उभे राहिले नाहीत.

ते चिन्ह अजून आहे. मी क्वचितच वापरते.